ओल आहे, बाकी तुम्ही ठरवा

विश्वनाथ हळबे यांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी नापास केल्या. शेतजमिनी नव्हेत, कारखान्यांच्या आणि गोदामांच्या आतल्या जमिनी. मिरजेहून डिप्लोमा घेऊन एक्क्याऐंशी साली ते फरीदाबादला आले आणि काँक्रीटवर एपॉक्सीचा चकचकीत थर देणाऱ्या एका कंपनीत चिकटले, ते थेट निवृत्तीपर्यंत. थर द्यायचं काम इतरांचं. थर देण्याजोगी जमीन आहे की नाही हे सांगायचं काम हळब्यांचं. आणि हळबे बहुतेक वेळा 'नाही' म्हणत.

त्यांच्या खाकी पिशवीत दीड फुटाचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टीचं भेंडोळं कायम असे. नव्या काँक्रीटवर तो तुकडा अंथरायचा, चारी कडा पट्टीने घट्ट चिकटवायच्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन वाकून बघायचं. प्लॅस्टिकला आतून घाम आला असेल, खालची जमीन काळवंडली असेल, तर तिच्या पोटात अजून पाणी आहे. त्यावर एपॉक्सी घातलं तर पाणी वर यायला बघतं, वाट सापडत नाही, आणि वरच्या थराला फोड येतात. इतकी साधी गोष्ट. पण उद्घाटनाच्या पत्रिका वाटून बसलेल्या मालकाला ती सांगणं साधं नव्हतं. मालक चिडत, मॅनेजर हात जोडत, कंपनीचे विक्रीवाले तर हळब्यांचं नाव काढलं की कपाळावर हात मारत. बल्लभगढपासून नोएडापर्यंतचे मजूर त्यांना 'सीलन साहब' म्हणत, कारण ओलीला हिंदीत सीलन म्हणतात आणि या माणसाला दुसरं काही दिसतच नाही असं सगळ्यांचं ठाम मत होतं.

एकदा बल्लभगढच्या एका ठेकेदाराने त्यांच्या पाठीमागे प्लॅस्टिक उचललं, खालची जमीन हीटर लावून वाळवली आणि पट्टी पुन्हा होती तशी चिकटवून ठेवली. हळब्यांच्या ते लक्षात आलं, कारण पट्टीचं टोक त्यांनी डावीकडे दुमडलेलं होतं आणि आता ते उजवीकडे होतं. त्या दिवसापासून त्यांनी एक पथ्य पाळलं. प्लॅस्टिक कशासाठी लावतोय आणि त्याच्याखाली काय बघायचंय, हे कोणाला म्हणून सांगायचं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचं, "कल देखके बताता हूँ." बस्स. या पथ्याचा त्यांना पुढे कायम अभिमान होता.

ते नेहमीच बरोबर ठरत, हीच खरी पंचाईत होती. त्यांनी नापास केलेल्या जमिनीवर साहेबांनी परस्पर काम करून घेतलं आणि वर्षभरात पापुद्रे निघाले की हळबे न बोलता जाऊन ते पापुद्रे बघून येत. बोलत काहीच नसत, पण चेहरा बोलायचा. अशा माणसाला बढती कोण देणार? ते ज्या हुद्द्यावर पस्तिशीत पोचले त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात साहेबांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषणात त्यांच्या कडकपणाचं असं काही कौतुक केलं की मागच्या रांगेत खसखस पिकली. हळब्यांना ती ऐकू आली. त्यांनी घड्याळ घरी आणलं आणि माळ्यावर टाकलं.

घरीसुद्धा त्यांची तपासणी चालूच असे. कलिंगडापासून गादीच्या कापसापर्यंत सगळं वाजवून, दाबून बघायचं. पण त्यांचा सगळ्यात कडक नियम भाषेचा होता. उंबऱ्याबाहेर हिंदी बोला, इंग्रजी बोला, उंबऱ्याच्या आत मराठी. मुलगी तनया फरीदाबादेत जन्मली, तिथेच शिकली, मैत्रिणींशी हिंदीत भांडली. घरी आल्यावर तिला एखादा मराठी शब्द अडला आणि तिने अर्थ विचारला, की झालं. बाबा जेवण बाजूला सारून त्या शब्दाचं कूळ सांगायचे, मग त्याची तीन वाक्यं करून दाखवायला लावायचे, आणि शेवटी दिल्लीतल्या मराठी घरांचं कसं वाटोळं झालंय यावर यायचे. तोवर भात गार. आठ-नऊ वर्षांची असतानाच तनयाला यावर तोडगा सापडला. शब्द कळला नाही तरी मान डोलवायची आणि 'हो बाबा' म्हणायचं. हळब्यांना वाटे, पोरीचं मराठी पक्कं झालं. कौशल्याबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, खरं काय ते माहीत होतं, पण त्या गप्प बसत. गार भाताचा त्यांनाही कंटाळा आला होता.

मग गौरव आला. करोल बागेत त्याच्या वडिलांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, पंजाबी घर, मुलगा बोलका आणि हसरा. तनयाने त्याच्याशी लग्न करायचं ठरवल्याचं सांगितलं तेव्हा हळबे मेट्रोने करोल बागेत जाऊन ते दुकान बाहेरून पाऊण तास बघून आले. घरी येऊन त्यांनी निकाल दिला, "सहा महिने थांबा. जरा वाळू दे, मग बघू."

"काय वाळू दे?" कौशल्याबाई म्हणाल्या. "पोरगा आहे तो, गोदाम नाही."

"घाईने केलेलं टिकत नाही."

"जमिनीतली ओल बरी दिसते तुम्हाला. माणसातला ओलावा तेवढा दिसत नाही."

तनया थांबली नाही. पुढच्याच महिन्यात लग्न झालं. हळबे कंबर धरल्याचं सांगून घरी बसले. कौशल्याबाई एकट्या गेल्या आणि एकट्याच मुलीची पाठवणी करून आल्या. त्यानंतर पाच वर्षं बापलेकीचं बोलणं दिवाळीला, वाढदिवसाला, आणि तेही कौशल्याबाईंच्या फोनवरून. 'बाबा बरे आहेत ना' आणि 'तिला म्हणावं काळजी घे' या दोन वाक्यांत पाच वर्षं गेली. हळब्यांना याचा त्रास होत नव्हता असं कोणी समजू नये. त्यांना फार त्रास होत होता. फक्त पहिला फोन कोणी करायचा, हे ठरत नव्हतं.

तो तनयाने केला. गेल्या फेब्रुवारीच्या शेवटी, दुपारी, थेट त्यांच्या फोनवर.

"बाबा, बिझी नाही ना? एक काम होतं."

"बोल."

"आम्ही नहरपार घर घेतलं ना, त्याला खाली गॅरेज आहे. गौरवला तिथे त्याची जुनी गाडी दुरुस्त करायची असते. जॅक, ऑइल, टायर, सगळंच. तर फ्लोअर एकदम पक्का पाहिजे. तो म्हणतो एपॉक्सी करूया. मी म्हटलं, आधी बाबांना विचारू. तुम्ही बघाल का?"

हळब्यांनी 'बघतो' असं एकच कोरडं उत्तर दिलं आणि फोन ठेवला. मग माळ्यावर चढले. सत्तरीला टेकलेला माणूस स्टुलावर उभा राहून माळा उपसतोय हे बघून कौशल्याबाई धावत आल्या. हळब्यांना खाकी पिशवी हवी होती. प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. ते बाजारात गेले, नवीन आणलं, मोजून दीड फुटाचं कापलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षाने कालवा ओलांडून मुलीच्या घरी गेले.

कालव्यापलीकडच्या या नहरपार भागात कालपरवापर्यंत शेतं होती. आता बिल्डरांनी रांगेने घरं उभी केली होती. गॅरेज ऐसपैस होतं. काँक्रीट टाकून जेमतेम दोन महिने झालेले. हळब्यांनी नाण्याने जमीन ठिकठिकाणी वाजवून पाहिली, पाण्याचे थेंब टाकून पाहिले, गुडघे दुखत असूनही रांगत सगळा कोपरा न् कोपरा पाहिला. गौरव त्यांच्यामागे हातात टॉर्च धरून अदबीने फिरत होता.

"पापा, टाइल लगवा लें?" त्याने विचारलं.

"जॅक ठेवलास की तडकेल," हळबे मराठीतच म्हणाले. मग गौरवचा चेहरा बघून त्यांनी हिंदी काढली, "टाइल टूटेगी. कोटा स्टोन भी जोड़ पे टूटेगा." मग पुन्हा मुलीकडे वळून म्हणाले, "खरं म्हणजे इथे कोबा पाहिजे. वर हार्डनर टाकून नीट घोटलेला. दिसायला काही नाही, पण वीस वर्षं बघावं लागणार नाही. एपॉक्सी देखणं असतं, पण त्याला खालची जमीन तशी लागते."

"हो बाबा," तनया म्हणाली. कोबा म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. पाच वर्षांनी बाबा घरात आले होते, आणि तिला भात गार करायचा नव्हता.

हळब्यांनी मधोमध प्लॅस्टिक चिकटवलं. "उद्या बारा वाजता याचा जवळून फोटो काढून पाठव. मग सांगतो."

"यात काय दिसणार आहे?"

"ते मी बघतो."

सवय. पोटच्या मुलीच्या घरात, कोणी हीटर लावणार नव्हतं अशा ठिकाणी, त्यांनी आपलं ते पथ्य पाळलं.

दुसऱ्या दिवशी बाराला फोटो आला. हळब्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला. प्लॅस्टिकच्या आत दाट घाम होता आणि मधला चौकोन काळा पडला होता. शेतातली जमीन, कालव्याचं पाणी, दोन महिन्यांचं काँक्रीट, दुसरं काय होणार? ते फोन लावायला निघाले, तेवढ्यात कौशल्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"फोन नका करू. लिहून पाठवा."

"का?"

"तुमचा 'नाही' ऐकवत नाही हो. तुम्ही साधं बोलता आणि समोरच्याला वाटतं ओरडताय. इतक्या वर्षांनी आलीये ती. गोड लिहा."

हळबे खुर्चीत बसले. फोनवर मराठी अक्षरं त्यांना सापडत नसत, म्हणून ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. एका बोटाने त्यांनी लिहिलं, 'ओल आहे. एपॉक्सी करू नका. सहा महिने थांबा.' मग वाचून पाहिलं, आणि 'सहा महिने थांबा' या शब्दांवर त्यांची नजर अडली. हेच शब्द त्यांनी एकदा तिला सांगितले होते. त्यांनी ते वाक्य पुसलं. 'करू नका' हेही साहेबी थाटाचं वाटायला लागलं, तेही पुसलं. मुलगी जाणती आहे, ओल आहे म्हटल्यावर समजेल, तिला हुकूम कशाला? शेवटी राहिलं ते एवढंच: 'ओल आहे. बाकी तुम्ही ठरवा.'

छत्तीस वर्षांत इतका हळुवार नकार त्यांनी कोणाला दिला नव्हता. पाठवून ते वाट बघत बसले. दोन मिनिटांत उत्तर आलं. 'थँक यू बाबा', आणि पुढे तीन लाल बदाम.

हळबे त्या बदामांकडे बघत राहिले. नकार दिल्यावर आजवर कोणी त्यांचे आभार मानले नव्हते. "बघ," ते कौशल्याबाईंना म्हणाले, "पोरगी शहाणी झाली." त्या दिवशी ते स्वतःहून बाजारात जाऊन चक्का घेऊन आले आणि श्रीखंड करा म्हणाले.

तीन आठवड्यांनी तनयाने दोघांना रविवारी जेवायला बोलावलं. दोघं रिक्षातून उतरताच गौरवने गॅरेजचं शटर वर सरकवलं. आत राखाडी रंगाचा, त्यात पांढरे-काळे ठिपके विखुरलेला एपॉक्सीचा थर, आरशासारखा. त्यात वरच्या दिव्यांची रांग दिसत होती. कौशल्याबाई चप्पल बाहेर काढूनच आत शिरल्या.

"बाबा, कसा झालाय?" तनया म्हणाली. "तुमचा ओके आला आणि त्याच दिवशी आम्ही काम दिलं. तो चिराग, काँट्रॅक्टर, त्याला तुमचं नाव माहीत होतं. म्हणाला, सीलन साहब ने पास किया है तो मैं चेक ही नहीं करता. बिल्कुल हेच म्हणाला."

हळबे शटरपाशीच थांबले. माझा ओके? त्यांनी ओके कधी दिला होता? मग एकदम सगळं लक्षात आलं. फोनवर के आणि एल ही अक्षरं शेजारी शेजारी असतात. एका बोटाने लिहिणारा म्हातारा माणूस, चुकून के च्या जागी एल दाबला असेल, असं पोरीने समजून घेतलं होतं. 'ओके आहे. बाकी तुम्ही ठरवा.' तिने बापाची चूक मनातल्या मनात प्रेमाने दुरुस्त केली होती.

आता सांगायला हवं होतं. आत्ता, या क्षणी. अगं तनया, मी ओल लिहिलं होतं, हा थर पावसाळा काढणार नाही, आत्ताच खरवडून काढा. पण गौरव वाकून त्यांच्या पाया पडला. तनयाने त्यांच्या दंडाला हात घातला, असा तिने शाळेत असताना घातला होता त्यानंतर आजच. ती त्यांना ओढत जमिनीच्या मधोमध घेऊन गेली आणि म्हणाली, "हात लावून बघा ना." हळबे वाकले, थरावरून तळवा फिरवला. काम सफाईचं होतं. वरून काही खोट काढायला जागा नव्हती.

"छान झालंय," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ओली जमीन पास केली. वर घरात जेवायला आमटी-भात, वांग्याची भाजी आणि तनयाने यूट्यूबवर बघून केलेली जराशी फुटलेली पुरणपोळी होती. हळबे दोन घास जास्त जेवले. परत येताना कौशल्याबाईंनी ओलीचं विचारलं तेव्हा 'वाळली असेल' असं म्हणून त्यांनी विषय संपवला, आणि मनाशी म्हणाले, या आठवड्यात सांगू. मग म्हणाले, कदाचित धरेलही. जमिनीच्या धंद्यात 'कदाचित' म्हणणाऱ्यांना त्यांनी जन्मभर मूर्ख म्हटलं होतं.

पुढचे पाच महिने हळब्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे सांगितलंच पाहिजे. दर रविवारी ते नहरपार जात. गॅरेजमध्ये त्यांच्यासाठी वेताची खुर्ची ठेवलेली असे. गौरव गाडीखाली आडवा पडून हात बाहेर काढायचा आणि हळबे त्या हातात पाना ठेवायचे. जावई बोलका होता, आणि मुख्य म्हणजे घाई करणारा नव्हता. एकेक नट तो पुसून, तेल लावून बसवायचा. हळब्यांना आतून कबूल करावं लागलं की करोल बागेत पाऊण तास उभं राहून त्यांनी काढलेला निकाल चुकला होता. तनया चहा घेऊन खाली यायची आणि पायरीवर बसायची. आणि दर रविवारी, कोणी बघत नसताना, हळब्यांची नजर जमिनीवर फिरायची. भिंतीकडेने, मग टायरांपाशी, मग मधोमध. अजून काही नाही. पुढचा रविवार. अजून काही नाही. बोलायचं दर वेळी राहून जात होतं, आणि जितकं राहत होतं तितकं अवघड होत होतं. मार्चमध्ये जी चूक होती ती मेमध्ये लबाडी झाली होती.

ऑगस्टात कालवा भरून वाहत होता. एका रविवारी सकाळी गौरवने गाडी मागे घेतली आणि पुढच्या टायराला चिकटून हातभर रुंद पापुद्रा उठून आला. खाली काँक्रीट काळं आणि ओलं. मग पाहिलं तर भिंतीकडेने रुपयाएवढे फोड रांगेने वर आले होते. तनयाने फोड दाबला, तो फुटला आणि पिवळसर पाणी बाहेर आलं. तिने चिरागला बोलावलं आणि आईबाबांनाही.

हळबे पोचले तेव्हा चिराग उकिडवा बसून जमिनीवर यंत्र टेकवत होता. तरुण, टापटीप, कमरेला मोबाइल. त्याने आकडा दाखवला आणि मान हलवली.

"मॅडम, नीचे सीलन ही सीलन है. काम में कोई कमी नहीं. ये जगह तब भी गीली थी. टेस्ट किसने किया था?"

"बाबांनी," तनया म्हणाली. "पापा ने किया था. उनका ओके आया, तभी तो आपको काम दिया."

चिरागने हळब्यांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "सर, आपका नाम सुनके मैंने अपना मीटर नहीं लगाया. चलिए, कोई बात नहीं. उमर हो जाती है."

हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर काय झालं असतं कोण जाणे. कदाचित हळबे गप्प राहिले असते आणि चूक अंगावर घेतली असती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं फरीदाबाद आलं. सीलन साहबने ओली जमीन पास केली, म्हातारा झाला, नजर गेली. निरोपाच्या समारंभातली ती मागची रांग पुन्हा हसायला लागली. त्यांनी खिशातून फोन काढला. फेब्रुवारीचा तो निरोप शोधायला त्यांना वेळ लागला नाही, कारण त्यांनी तो अनेकदा उघडून पाहिला होता.

"मी पास केलं नव्हतं," ते म्हणाले. आवाज नको तितका कडक आला. "हे वाच. ओल आहे. ओ आणि एल. मी ओके लिहिलेलं नाही."

तनयाने फोन हातात घेतला. दोनदा वाचलं.

"ओल म्हणजे काय, बाबा?"

बत्तीस वर्षांच्या मुलीने लहानपणानंतर पहिल्यांदा बापाला एका शब्दाचा अर्थ विचारला होता. शब्दाचं कूळ सांगायची ही वेळ नव्हती.

"सीलन," हळबे म्हणाले.

"मग सीलन लिहायचं ना." ती हळू बोलत होती. "मला वाटलं तुमच्या हातून के च्या जागी एल पडलाय. मला तर छान वाटलं होतं, की तुम्ही स्वतः टाइप करून ओके पाठवलं."

"शब्द अडला तर विचारायचं. घरात मराठी..."

"थांबा." तिने फोनवरून नजर वर उचलली. "तुम्ही ओल लिहिलं होतं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग मार्चमध्ये तुम्ही आलात, फ्लोअर बघितलात, वाकून हात फिरवलात. तेव्हाही माहीत होतं?"

हळब्यांनी कौशल्याबाईंकडे पाहिलं. त्याही त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

"छान झालंय म्हणालात तुम्ही. आणि मग दर रविवारी येऊन इथे खुर्चीत बसलात. मी चहा आणायचे तेव्हा तुम्ही जमिनीकडे बघत असायचात, मी पाहिलंय. मला वाटायचं तुम्हाला आवडलाय." तिने पायाने तो उठलेला पापुद्रा हलवला. "तुम्ही वाट बघत होतात. कधी फुटतं त्याची. आमच्या लग्नाची बघितलीत तशीच."

हळब्यांच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. नाही गं, तू माझ्या दंडाला हात घातला होतास म्हणून मी बोललो नाही. एवढंच वाक्य होतं. पण असलं वाक्य त्यांनी कधी कोणाला म्हटलेलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. जिभेला सवय होती ती दुसऱ्याच वाक्यांची.

"मी लिहून कळवलं होतं," ते म्हणाले. "बरोबर तेच लिहिलं होतं."

"हो," तनया म्हणाली, "तुम्ही नेहमी बरोबरच असता." तिने त्यांचा फोन त्यांच्या हातात ठेवला आणि ती जिना चढून वर गेली. गौरव थोडा वेळ घुटमळला. मग तोही 'सॉरी पापा' असं काहीतरी पुटपुटून तिच्यामागे गेला. त्याचं काय चुकलं होतं, हे त्यालाच माहीत. चिरागने आपलं यंत्र पिशवीत घातलं.

रिक्षा कालव्यावर आल्यावर कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "तेव्हाच का नाही बोललात?"

"ती खूश होती."

"हे तिला सांगितलंत?"

हळब्यांनी रिक्षावाल्याला जरा जपून चालवायला सांगितलं. कौशल्याबाईंनी पदराने डोळे पुसले.

पुढच्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. हळबे आंघोळ करून, शर्ट घालून खुर्चीत बसत आणि दुपारी शर्ट काढून ठेवत. तीन वेळा त्यांनी एका बोटाने निरोप लिहायला घेतला आणि तीनही वेळा तो 'मी मुद्दाम' या शब्दांशी अडला. चौथ्या आठवड्यात तनयाचाच निरोप आला, इंग्रजी अक्षरांत, मराठीत. त्यांनी चष्मा लावून वाचला.

'बाबा, सगळं खरवडून काढलंय. ओल गेली की कोबा करणार आहोत, सहा महिने थांबून. तुम्ही येऊ नका.'

ओल तिने बरोबर लिहिलं होतं. कोबा बरोबर लिहिलं होतं, कुठून तरी विचारून घेतलं असणार. सहा महिने थांबायलाही ती तयार झाली होती. हळब्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग फोन डोळ्यांजवळ धरून ते त्यातलं एकेक अक्षर तपासायला लागले. घाईत लिहिलं असेल, बोट शेजारच्या अक्षरावर पडलं असेल, 'येऊ' च्या पुढे तिला दुसरंच काही म्हणायचं असेल. त्यांनी कीबोर्ड उघडला आणि प्रत्येक अक्षराच्या डावी-उजवीकडे काय आहे ते पाहिलं. कौशल्याबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. ताटातला भात गार झाला.

चूक कुठेच नव्हती. मराठी अगदी बिनचूक होतं.